वर्डप्रेसला प्लगइन जोडताना

संकेतस्थळ चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीचा गाभा मुद्दाम आटोपशीर ठेवलेला आहे. संपर्क-अर्ज, ऑनलाइन दुकान किंवा छायाचित्रांचे दालन ज्याला हवे असेल त्याने ते प्लगइनच्या, म्हणजे जास्तीची सोय देणाऱ्या जोड-प्रोग्रामच्या, रूपाने जोडून घ्यावे, ही सोय २००४ सालच्या १.२ या आवृत्तीपासून आहे. जोडण्याचे काम मिनिटभराचे असते. वेळ द्यायचा तो निवडीला आणि तपासणीला.

प्लगइन खरोखरच लागणार आहे का, हे आधी पाहावे. उदाहरणार्थ, मुक्त किंवा बालू यांसारखा देवनागरी फॉन्ट वापरण्यासाठी आजही अनेकजण प्लगइन शोधतात. परंतु २०२४ मध्ये आलेल्या ६.५ या आवृत्तीपासून, ब्लॉक थीम (ब्लॉकांनी रचलेला साइटचा साचा) असल्यास, साइट एडिटरमधूनच फॉन्ट चढवता येतो.

गरज पक्की झाली की वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातील त्या प्लगइनचे पान नीट वाचावे. शेवटचा अपडेट कधी झाला, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत ते तपासलेले आहे आणि वापरकर्त्यांच्या तक्रारींना निर्माते उत्तरे देतात का, या तीन गोष्टी मला ताऱ्यांच्या मानांकनापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतात. विकतचे प्लगइन निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून झिप स्वरूपात घ्यावे. फुकट वाटल्या जाणाऱ्या ‘नल्ड’ (परवान्याची अट काढून टाकलेल्या) प्रती कितीही मोहात पाडोत, त्यांच्यात कोणी कोणता कोड मिसळला आहे हे सामान्य वापरकर्त्याला कळत नाही, म्हणून त्या टाळाव्यात.

जोडण्यापूर्वी डेटाबेस आणि प्लगइन, थीम व चढवलेली चित्रे असणारा ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ (wp-content) फोल्डर या दोहोंचा बॅकअप घ्यावा. केवळ फायलींचा बॅकअप पुरत नाही, कारण लेख आणि सेटिंग डेटाबेसमध्ये असतात. त्यानंतर डॅशबोर्डवरील ‘प्लगइन्स’ मेनूत जाऊन नवे प्लगइन जोडण्याचा पर्याय निवडावा, नाव शोधून ते इन्स्टॉल करावे आणि मग अ‍ॅक्टिव्हेट करावे. झिप फाइल असेल तर त्याच पानावरील अपलोडचे बटण वापरावे.

एका वेळी एकच प्लगइन जोडावे. ते सुरू केल्यावर कॅशे (पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती) रिकामा करून, लॉग-आउट होऊन, संगणकावर आणि मोबाइलवर मुखपृष्ठ, एखादा लेख व अर्ज तपासावा, कारण लॉग-इन असताना दिसणारे पान आणि वाचकाला दिसणारे पान नेहमी सारखे असतेच असे नाही.

प्लगइनमुळे गंभीर बिघाड झाल्यास ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेस प्रशासकाच्या ईमेलवर रिकव्हरी मोडचा, म्हणजे बिघडलेले प्लगइन थांबवून लॉग-इन करू देणाऱ्या सोयीचा, दुवा पाठवते. तो आला नाही, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मधील ‘प्लगइन्स’ फोल्डर उघडून संबंधित प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलावे. फाइल न सापडल्याने ते प्लगइन चालत नाही. त्याची सेटिंग मात्र डेटाबेसमध्ये शाबूत राहतात.

नको असलेले प्लगइन नुसते बंद करून ठेवू नये. त्याच्या फायली सर्व्हरवर असेपर्यंत त्यांतील सुरक्षेच्या त्रुटीही तिथेच असतात, म्हणून ते डिलीट करावे. तत्पूर्वी त्याचे शॉर्टकोड (प्लगइनचा भाग दाखवण्यासाठी लेखात चौकटी कंसात लिहिलेले छोटे संकेत) कोणकोणत्या लेखांत वापरले आहेत ते शोधून काढून टाकावेत, नाहीतर चौकटी कंसातला तो मजकूर वाचकांना जसाच्या तसा दिसू लागतो.