साताऱ्याहून ब्रिटिश कोलंबियात येणाऱ्यांनो, अस्वलाचं आधी वाचा

सिम कार्ड, बँक, ड्रायव्हिंग टेस्ट यांची माहिती कुणीही देईल. मी अस्वलांबद्दल लिहितोय, कारण सातारा, कराड, पाटणकडून नवी मुलं इथे कॅनडात येतात आणि पहिल्याच गणपतीत ठरलेली चूक करतात.

फ्रिज भरला की भाजीचं पातेलं घरामागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर ठेवायचं, बाहेर गारवा आहेच म्हणून. हे करू नका. नेमक्या त्याच दिवसांत अस्वलं थंडीतल्या झोपेसाठी चरबी साठवत असतात आणि दिवसाचे वीस-वीस तास खात फिरतात. कराडच्या एका कुटुंबाने महाप्रसादाचं उरलेलं जेवण रात्री गाडीत ठेवलं, दार लॉक केलं नाही. अस्वलाने कडी ओढून दार उघडलं, ते आत शिरल्यावर दार मागून बंद झालं. सकाळपर्यंत सीट, छत, डॅशबोर्ड सगळं फाडून काढलेलं. कर्जावर घेतलेली गाडी भंगारात गेली.

त्याहून वाईट अस्वलाचं होतं. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल वस्तीत परत परत येतं, धीट होतं, आणि शेवटी अधिकारी त्याला गोळी घालतात. आपल्या एका पातेल्यापायी. म्हणून परत सांगतो: डेकवर अन्न नाही, गाडीत अन्न नाही, कचऱ्याचा डबा आदल्या रात्री बाहेर नाही, उचलायच्या दिवशी सकाळीच. अनेक गावांत याला दंड आहे. झाडाखाली पडलेली सफरचंदं, पक्ष्यांचे दाणे, बार्बेक्यूची तेलकट जाळी, सगळं आवरून ठेवा. शेजाऱ्याने तक्रार केली तर रागावू नका. इथले लोक तोंडावर भांडत नाहीत, थेट फोन करतात, आणि या बाबतीत त्यांचं बरोबर असतं.

आता ओळख. इथे काळं अस्वल आणि ग्रिझली असे दोन प्रकार भेटतात, पण रंगावर अजिबात जाऊ नका. काळं अस्वल तपकिरी, अगदी दालचिनीच्या रंगाचंही असतं. खांदा बघा: ग्रिझलीला खिलार बैलासारखं वशिंड असतं, काळ्याला नसतं. ग्रिझलीचा चेहरा मध्ये खोलगट, कान आखूड नि गोल, पुढची नखं लांब. काळ्याचं कपाळ ते नाक सरळ रेषेत, कान उंच. व्हँकुव्हरच्या आसपास घरामागे दिसेल ते बहुतेक काळंच. कोयना-चांदोलीतलं आपलं झिपरं, वाळवी खाणारं अस्वल तिसरंच. त्याच्याबद्दल गावाकडे ऐकलेलं इथे लावू नका.

डोंगरात चालताना मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा, ओढ्याजवळ तर जास्तच. सॅकला बांधलेल्या घुंगरांचा भरवसा धरू नका. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला रोखणारा मिरचीचा फवारा, कमरेला हवा, सॅकच्या तळाशी नको. तो अंगावर किंवा तंबूवर मारायचा नसतो. अस्वल धावून आलं आणि काही मीटरवर असलं की त्याच्या तोंडासमोर मारायचा. विमानात तो नेता येत नाही.

समोर अस्वल आलं तर पळू नका. कितीही दमदार गडी असला तरी ते गाठतंच. पोरांना उचला, शांत बोलत मागे सरका. दचकलेल्या किंवा पिल्लं जपणाऱ्या ग्रिझलीने प्रत्यक्ष अंगावर हात टाकला तर पालथे पडा, पाय फाकवा, हात मानेमागे बांधा, सॅक पाठीवरच राहू द्या. काळ्या अस्वलाने हल्ला केला तर मेल्याचं सोंग नाही. त्याच्या नाकाडावर, डोळ्यांवर मिळेल त्याने मारा. मागे माग काढत आलेलं किंवा रात्री तंबूत शिरलेलं अस्वल कुठलंही असो, लढायचंच.

शेजारच्या अल्बर्टा प्रांतातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात रस्त्यावर व्हिडिओसाठी गाडीतून उतरणाऱ्यांत आपली माणसं दिसली की जीव तुटतो. तिथे अस्वलापासून १०० मीटर अंतर ठेवायचा नियम आहे. काचा वर करा आणि पुढे निघा.

वस्तीत धीट अस्वल दिसलं तर ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वन्यजीव अधिकाऱ्यांचा नंबर: १-८७७-९५२-७२७७. आजच फोनमध्ये घाला.