प्रॉडक्शन डेटाबेसला हात लावण्याआधी

कॉलेजात डेटाबेस म्हणजे परीक्षेपुरतं नॉर्मलायझेशन आणि जर्नलमध्ये उतरवलेल्या दहा-बारा क्वेऱ्या. नोकरी बीकेसीत लागो, सीप्झमध्ये लागो की ऐरोलीत, तिथे प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या डेटाबेसवर, क्वेरीचं उत्तर बरोबर येणं हे निम्मंच काम असतं. त्याच टेबलावर त्याच क्षणी शेकडो कनेक्शन्स काम करत असतात आणि तुमच्यामुळे कोण खोळंबलंय, हे तुमच्या स्क्रीनवर दिसत नाही.

सरावासाठी लॅपटॉपवर पोस्टग्रेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर टाका. ते फुकट आहे आणि ५४३२ या पोर्टवर चालतं. एम्प्लॉयी-डिपार्टमेंटची तीच ती उदाहरणं सोडा आणि मुंबई लोकलचं वेळापत्रक टेबलांत बसवून पाहा. स्थानक, गाडी आणि थांबा अशी तीनच टेबलं. पहिली अडचण लगेच येते: स्थानकाची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, कोणती? नाव घ्यावं तर व्हीटीचं १९९६ साली सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. रेल्वेचा कोड घ्यावा तर सीएसटीएमचाही सीएसएमटी झाला. दादर पश्चिम रेल्वेवर डीडीआर, मध्य रेल्वेवर डीआर. म्हणजे बाहेरच्या जगाने दिलेलं काहीही की म्हणून वापरू नये. आपला साधा नंबर द्यावा आणि कोडवर वेगळं युनिक बंधन घालावं.

दुसरी अडचण मध्यरात्रीची. रात्री ११:५० ला सुटलेली गाडी १२:४० ला पोचते. वेळ ‘टाइम’ प्रकारात ठेवलीत तर सॉर्ट केल्यावर शेवटचा थांबा सगळ्यात वर येतो. म्हणून थांब्याचा क्रम वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, किंवा वेळ मिनिटांत मोजा: ११:५० म्हणजे १४३०, १२:४० म्हणजे १४८०. ऑफिसात हीच भानगड टाइमझोनच्या रूपाने भेटते. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, असतो, त्यामुळे आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये झालेले व्यवहार आदल्या दिवसाच्या रिपोर्टात जातात. पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनसह असलेला टाइमस्टँप वापरा आणि दिवसाची सीमा भारतीय वेळेनेच ठरवा.

डेटा टाइपच्या बाकी चुका ठरलेल्या असतात. पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, ठेवू नयेत, ‘न्यूमरिक’मध्ये ठेवावेत. बँक खात्याचा नंबर इंटिजरमध्ये टाकला की सुरुवातीची शून्यं गळतात. देवनागरीचा हिशोब मात्र बहुतेकांना कोणी शिकवत नाही. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण साठवताना ती चार कॅरॅक्टर्स असतात आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत १२ बाइट्स. ओरॅकलमध्ये लांबी मूळ सेटिंगनुसार बाइट्समध्ये मोजली जाते, त्यामुळे ५० लांबीच्या कॉलमात देवनागरीची जेमतेम १६ कॅरॅक्टर्स मावतात आणि लांब आडनावाला एरर येते. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ नावाचा जुना कॅरॅक्टर सेट तीनच बाइट्सचा आहे. मराठी बसते, इमोजी आला की अडतं. तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ घ्या. आणखी एक छुपी खोड ‘ऱ’ची: तो एका कोडने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि खालचा नुक्ता अशा दोन कोडनीही. दिसायला सारखाच, पण बरोबरीची तुलना फसते. पोस्टग्रेस १३ पासून ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन आहे. डेटा आत घेतानाच ते लावा.

इंडेक्स, म्हणजे ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची, कळायला दहा लाख ओळी तरी हव्यात. ‘जनरेट सिरीज’ने त्या मिनिटाभरात तयार होतात. मग क्वेरीपुढे ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’ लावा; डेटाबेस ती क्वेरी कोणत्या मार्गाने चालवतो ते दिसतं, ते वाचा. सगळ्यात आधी अंदाजे ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांची तुलना करा. अंदाज १० आणि प्रत्यक्ष दोन लाख असेल, तर क्वेरीचा मार्ग ठरवणारा प्लॅनर जुन्या आकडेवारीवर चाललाय; टेबलावर ‘अ‍ॅनलाइझ’ चालवा. ‘सीक्वेन्शियल स्कॅन’, म्हणजे टेबलातली एकेक ओळ वाचत जाणं, दिसला म्हणून लगेच घाबरू नका. शंभर ओळींच्या टेबलाला तोच स्वस्त. गाडी आणि क्रम यांवरचा जोड इंडेक्स नुसत्या स्थानकाने शोधताना कामाचा नाही, त्याला वेगळा इंडेक्स लागतो. व्हेअरमध्ये कॉलमवर फंक्शन लावलं की साधा इंडेक्स वाया जातो, म्हणून तारीख काढून बरोबरी तपासण्याऐवजी ‘या वेळेपासून पुढे, त्या वेळेच्या आत’ अशी अट लिहा. फॉरेन कीच्या, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या, कॉलमावर मायएसक्यूएलचं इनोडीबी हे स्टोरेज इंजिन स्वतः इंडेक्स करतं, पोस्टग्रेस करत नाही. मग मूळ टेबलातली एक ओळ डिलीट करायला मिनिटं लागतात आणि कारण सापडत नाही. आणि हो, ‘एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ’ क्वेरी खरोखर चालवतं. अपडेटपुढे लावलंत तर अपडेट होऊन बसतं.

आता हात लावायची रीत. अपडेटच्या आधी तोच व्हेअर घेऊन सिलेक्ट मारा आणि ओळी मोजा. मग ‘बिगिन’, अपडेट, आणि आलेला आकडा त्या मोजणीशी जुळतो का ते पाहा. जुळला तर कमिट करून बदल पक्का करा, नाहीतर रोलबॅक करून मागे घ्या. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट मुळातच चालू असतं, म्हणून बिगिन विसरलात की परतीची वाट बंद. तिथल्या क्लायंटला ‘सेफ अपडेट्स’ हा पर्याय आहे: ज्यात ‘की’ कॉलमाची अटही नाही आणि लिमिटही नाही, असं अपडेट तो नाकारतो. त्याचं अधिकृत दुसरं नाव ‘आय अ‍ॅम अ डमी’ असं आहे. लाज न बाळगता वापरा. टेबलाची रचना बदलणारे आदेश पोस्टग्रेसमध्ये रोलबॅक होतात. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये ते आपोआप कमिट होतात, आणि त्याआधीचं तुमचं अर्धवट कामही सोबत कमिट करून टाकतात.

बिगिन मारून वडापाव खायला खाली उतरू नका. तेवढा वेळ तुम्ही बदललेल्या ओळी लॉक राहतात आणि जुन्या ओळींची साफसफाई करणारं व्हॅक्यूमही अडतं.

लॉकची खरी गंमत टेबलाची रचना बदलणाऱ्या ‘ऑल्टर टेबल’च्या वेळी कळते. तिकीट खिडकीवर एकजण चिल्लर मोजत उभा आहे, त्याच्यामागे असा माणूस आला की ज्याला अख्खी खिडकी एकट्यालाच हवी. तो थांबतो, आणि त्याच्या मागचे साधं तिकीट घेणारेही थांबतात. कुणाचं तरी वीस मिनिटांचं रिपोर्ट सिलेक्ट चालू असताना एका सेकंदाचं ऑल्टर मारलं, तर अ‍ॅप वीस मिनिटं बंद. उपाय सोपा आहे: आधी ‘लॉक टाइमआउट’, म्हणजे लॉकसाठी थांबायची मर्यादा, तीन सेकंद ठेवा, न जमल्यास थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. इंडेक्स ‘कन्करंटली’, म्हणजे बाकीच्यांचं लिहिणं न अडवता, करा. तो ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे बिगिन ते कमिटच्या, आत चालत नाही, आणि मध्येच फसला तर ‘इनव्हॅलिड’ इंडेक्स मागे ठेवतो, तो काढून पुन्हा करावा लागतो. ब्रोकरकडे असाल तर बाजार चालू असताना, ९:१५ ते ३:३० मध्ये, असलं काही करू नका. बँकेत महिनाअखेर आणि ३१ मार्च सोडून बोला.

कोण कोणाला अडवतंय ते ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ आणि ‘पीजी ब्लॉकिंग पिड्स’ सांगतात. आधी क्वेरी कॅन्सल करा, नाहीच ऐकलं तर सेशन टर्मिनेट. लिनक्सवरून ‘किल -९’ मात्र कधीच नाही. एक प्रोसेस तशी मेली की पोस्टग्रेस सगळीच सेशन्स तोडून रिकव्हरीत जातं.

कनेक्शन्सचं गणित तोंडी करता येतं. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००, मायएसक्यूएलची १५१. अ‍ॅपच्या सहा प्रती आणि प्रत्येकीचा पूल (तयार ठेवलेली कनेक्शन्स) २० चा, म्हणजे १२०. डेव्हलपमेंटच्या सर्व्हरवर सगळं चालतं, प्रॉडक्शनला गर्दीच्या वेळी फुटतं. पूल लहान करा किंवा मध्ये पीजीबाउन्सर हे कनेक्शन्स वाटून देणारं सॉफ्टवेअर ठेवा.

रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसची सतत जुळवत ठेवलेली प्रत, हा बॅकअप नव्हे. इकडे टेबल उडालं की क्षणात तिकडेही उडतं. ३१ जानेवारी २०१७ ला कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसली. तेव्हा कळलं की रोजचा डम्प, म्हणजे बॅकअपची फाइल, सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने कधीचा फसत होता. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. म्हणून रुजू झाल्यावर टीममध्ये विचारा: शेवटचा रिस्टोअर कधी करून पाहिला आणि त्याला किती वेळ लागला?

मोठ्या बँकांमध्ये डेव्हलपरला प्रॉडक्शनवर फार तर वाचायची परवानगी मिळते. बदल डीबीएकडे, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे, चेंज रिक्वेस्टने जातो. त्यात स्क्रिप्ट, किती ओळी बदलतील तो आकडा, युएटीवर (वापरकर्त्यांच्या चाचणीच्या सर्व्हरवर) लागलेला वेळ आणि उलट फिरवायची स्क्रिप्ट लिहा. रोलबॅकच्या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलेली रिक्वेस्ट परत येते, आणि परत पाठवणाऱ्याचं बरोबर असतं. कॉलम काढायचा असेल तर पहिल्या रिलीजला अ‍ॅपने तो वाचणं-लिहिणं थांबवावं, आणि ड्रॉप पुढच्या रिलीजला.