रेफरन्स जीन कसा निवडायचा: जीएपीडीएचवर डोळे झाकून विश्वास नको

क्यूपीसीआर (जीन किती चालू आहे ते मोजायची पद्धत) करायचं म्हटलं की रेफरन्स जीन, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो न हलणारा जीन, म्हणून हात आधी जीएपीडीएच नाहीतर अ‍ॅक्टिनकडं जातो, कारण सीनियरनी तेच वापरलेलं असतं आणि प्राइमर (हवा तो जीन पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) फ्रीजरमधे आयते पडलेले असतात. पण आपल्या सोलापूरकडं काम चालतं ते मालदांडी ज्वारीवर पाण्याचा ताण नाहीतर डाळिंबावर तेल्या रोग, आणि ताण पडला की झाडाचा सगळा कारभारच बदलतो. जीएपीडीएच तर साखर मोडणाऱ्या साखळीतला, तो जागचा हलणार नाही हे सांगितलं कोणी?

हिशोब करून बघा. आरएनए दोन्हीकडं सारखाच घेतलाय. पाणी दिलेल्या पानात जीएपीडीएचचा सीटी (कितव्या चक्राला सिग्नल दिसला तो आकडा; माल कमी तर सीटी जास्त, एका सीटीला दुपटीचा फरक) 18, ताणाच्या पानात 20. तुमचा जीन दोन्हीकडं 25, म्हणजे तो हललेलाच नाही. आता जीनच्या सीटीतून जीएपीडीएचचा वजा करा, एकीकडं 7, दुसरीकडं 5, फरक 2, की झाला जीन 4 पट! वाढलं काहीच नाही, रेफरन्स खाली गेला एवढंच, आणि गाईड खूश.

म्हणून सात-आठ जीन घेऊन आधी चाचणी लावा. पीपीटूए, ईएफ-वन-अल्फा, युबिक्विटिन, ट्युब्युलिन, अ‍ॅक्टिन, जीएपीडीएचपण असू द्या, फक्त सगळे एकाच कामाचे नकोत, कारण सोबत वरखाली होणारे दोन जीन जीनॉर्म या सॉफ्टवेअरला लई स्टेबल वाटतात. 18एस (रायबोसोमचा आरएनए) मी तरी घेत नाही, तो इतका भरमसाट असतो की सीटी 10 च्या आसपासच येतो, शिवाय त्याला पॉली-ए शेपूट नाही त्यामुळं ओलिगो-डीटीनं (तो त्या शेपटीलाच चिकटतो) सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, केला असेल तर विषयच संपला.

सॅम्पल खऱ्या प्रयोगातलेच, कंट्रोल, ताण, सगळे टाइम पॉइंट, मूळ आणि पान दोन्ही असतील तर दोन्ही. आणि कंट्रोल सकाळी तोडून ताणाची पानं भर दुपारी मंगळवेढ्याच्या रानातून आणू नका, वेळेनुसारपण जीन बदलतात.

डीएनेज (उरलेला डीएनए मोडणारं एन्झाइम) द्या, आरटी (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोल लावा. डाळिंबात फिनॉल फार, 260/230 (आरएनएच्या शुद्धतेचं गुणोत्तर) बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका. प्राइमरची एफिशियन्सी 90 ते 110 टक्के (दर चक्राला दुप्पट म्हणजे 100), मेल्ट कर्व्हला एकच शिखर, म्हणजे एकच तुकडा वाढलाय. एका जीनचे सगळे सॅम्पल एकाच प्लेटवर बसवा.

मग आकडे जीनॉर्ममधे टाका (2002 पासून आहे). एम व्हॅल्यू जितकी कमी तितका जीन स्टेबल, एकाच प्रकारच्या टिश्यूत 0.5 च्या खाली आली की बरं. व्ही 2/3 (तिसरा जीन घातल्यानं किती फरक पडतो तो आकडा) जर 0.15 च्या खाली असेल तर दोन जीन पुरे, तिसऱ्यावर मास्टर मिक्स घालवू नका. नॉर्मफाइंडरपण चालवा, तो कंट्रोल आणि ताण या गटांमधला फरक वेगळा धरतो. रेफफाइंडर सोपा आहे पण नुसते सीटी टाकले की एफिशियन्सी 100 टक्के धरूनच चालतो, हे ध्यानात ठेवा.

निवडलेल्या दोघांच्या प्रमाणाचा जिओमेट्रिक मीन (गुणाकाराचं वर्गमूळ) घ्यायचा, सीटीवर काम करत असाल तर साधी सरासरी चालते. पुढच्या वर्षी ताणाऐवजी उष्णतेवर गेलात तर ही सगळी चाचणी परत लावायची, जुनी यादी चालत नाही.