पडकी गढी राहती करायला घेताय?

आर्किटेक्चरची डिग्री घेऊन कोल्हापुरात परतले आणि पहिलंच काम मिळालं ते पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातली गढी राहती करायचं. निम्मं छप्पर खाली आलेलं, बुरुजात पिंपळ. छप्पर सोडून मी आधी भिंतींना हात घातला. काळ्या दगडांमधल्या फटी, म्हणजे दरजा, उकरून सिमेंटनं भरून घेतल्या. उन्हाळ्यात काम झकास दिसत होतं. आषाढात आतल्या गिलाव्यावर पांढरे क्षार फुलले.

गवंडीमामांनी खिशातली किल्ली काढून भिंतीवर ठोकली. कुठं टण्, कुठं भद्द. भद्द वाजेल तिथं गिलावा सुटलेला. म्हणाले, "ताई, भिताडाला रेनकोट घातलासा. घाम येणारच की."

चुन्याच्या दरजेतनं भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती अडवतं, मग ओल गिलाव्यातनं वाट काढते आणि क्षारही सोबत आणते. सगळं सिमेंट छिन्नीनं काढलं. माझी फी त्यातच गेली.

म्हणून पहिल्या पावसाळ्यात छपरावर ताडपत्री घाला आणि छत्री घेऊन बघत बसा. पाणी कुठनं आत येतं, कुठं साचतं, तिथं खडूनं खुणा करा. चुन्याचं काम दिवाळीनंतर. चुनकळी (भाजलेला चुना) पाण्यात विरवून निवांत मुरू द्या, मग वाळू, विटांची सुरखी (भुकटी), हिरड्याचं पाणी, थोडा गूळ. (मी मार्केट यार्डात गुळाची ढेप घ्यायला गेले तर दुकानदारानं विचारलं, जेवण किती माणसांचं?) चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश आवळतो. सिमेंटच्या पक्केपणाचा २८ दिवसांचा हिशेब इथं लावू नका, ओलं गोणपाट मात्र टाकून ठेवा.

पिंपळ ओढून काढू नका, दगडांचे थर सुटतात. बुंधा कापा, मुळं मारा, मग पोकळी चुन्यानं भरा.

कागदपत्रं आधी बघा. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम होत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते. आणि पन्हाळा संरक्षित आहे. त्याहून जास्त वेळ भाऊबंदकी खाते. आमच्या उताऱ्यावर सतरा नावं होती. सह्यांना आठ महिने लागले.

संडास-बाथरूम जुन्या भिंतीला चिकटवायचं नाही, मागं परड्यात वेगळं बांधायचं. घरमालकाच्या आई यावर महिनाभर माझ्याशी बोलत नव्हत्या. रात्री पावसात कोण जाणार बाहेर, हे त्यांचंही खरंच होतं. शेवटी मागच्या सोप्यापासून तिथपर्यंत कौलारू पडवी काढून दिली.