राजदूत ३५० अस्सल की जुळवलेली, हे कसं ओळखायचं

अमुक गावात जुनी राजदूत उभी आहे असं कोणी सांगितलं, तर निघण्याआधी फोनवर दोन गोष्टी विचारून घ्या: सायलेन्सर किती आणि किक कोणत्या बाजूला? आपल्याकडे नुसतं राजदूत म्हटलं की माणूस १७५ बद्दल बोलत असतो, दुधाचे कॅन वाहणारी, एका सायलेन्सरची. दोन सायलेन्सर आहेत म्हणाला तर ती येझदीही असू शकते, कारण तिला सिलेंडर एकच असला तरी सायलेन्सर दोन असतात. पण येझदीची किक डावीकडे, आणि तोच दांडा गिअरचंही काम करतो. ३५० ची किक उजवीकडे आणि गिअरचा दांडा डावीकडे, वेगळा. एवढ्यानेच निम्म्या फेऱ्या वाचतात.

माझं घाटंजीला लेथचं दुकान आहे. रोजचं काम पंपाच्या शाफ्टचं आणि थ्रेशरच्या बुशांचं, पण आजूबाजूच्या तालुक्यांतून जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे सिलेंडरही बोअरिंगला येतात. ३५० चा सिलेंडर हातात आला की त्या दिवशीची बाकीची कामं मागे पडतात. या गाड्या आता मोजक्या उरल्यात. त्यातल्या बऱ्याच रंग लावून, चार गाड्यांचे भाग एकत्र करून 'ओरिजनल' म्हणून विकल्या जातात. घेणाऱ्याला नीट पाहता यावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी गाडी काय आहे ते पाहू. यामाहाची आरडी ३५० बाहेर १९७३ मध्ये आली. आपल्याकडे एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८३ पासून राजदूत ३५० म्हणून बनवली आणि ते दशक सरता सरता बंद केली. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, सहा गिअर. मूळ आरडीची ताकद ३९ अश्वशक्ती होती. आपल्याकडे मायलेजसाठी ती उतरवली. सुरुवातीच्या एचटीला (हाय टॉर्क) ३०.५, तर साधारण १९८५ पासूनच्या एलटीला (लो टॉर्क) २७. तेव्हाच्या बुलेट ३५० ला १८ होती, यावरून अंदाज येईल. एवढं उतरवूनही ही गाडी पेट्रोल प्यायचीच, सुटे भाग महाग आणि हात लावणारा मिस्त्री शहरात. म्हणून शेतकऱ्याच्या घरी ती लवकर कोपऱ्यात गेली. आणि कोपऱ्यात गेली म्हणूनच खेड्यातली गाडी मूळ स्वरूपात सापडते. जी शहरात पळत राहिली तिचं काहीच मूळ उरलं नाही, पडेल तो भाग बसवत लोकांनी ती चालवली. तेव्हा शोधायची ती चकचकीत गाडी नव्हे, कुटाराच्या खोलीत बारदान्याखाली उभी असलेली.

ब्रेक लांबूनच दिसतो. आपल्या ३५० ला पुढेमागे दोन्हीकडे ड्रम ब्रेक होते. मूळ आरडीला पुढे डिस्क होता. त्यामुळे राजदूत ३५० ला पुढे डिस्क दिसला, तर तो नंतर बसवलेला आहे. चालवायला चांगला, पण मग गाडी मूळ आहे म्हणून जास्त पैसे द्यायचं कारण नाही.

पुढचं काम कागदाचं. आर.सी. बुक मागा, झेरॉक्स नको. महाराष्ट्रात एमएच आणि जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधी एम ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे नंबर असायचा. आता समजा बुकात साल १९८४ आहे आणि नंबर एमएच-२९ चा आहे. गाडी खोटीच असं नाही. दुसऱ्या राज्यातून आलेली असेल, किंवा काही कारणाने नव्याने नोंदवलेली असेल. पण ते कारण विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे आणि त्याचा कागद असला पाहिजे. 'माह्या काकानं आनली होती, तवापासून असाच नंबर हाय' हे उत्तर पुरत नाही. बुकातला मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्या आधी, पैसे नंतर.

मग गाडीचे नंबर. यात घाई केलीत तर पुढचं सगळं पाहणं फुकट. चेसिस नंबर हँडलच्या खालच्या नळीवर उजव्या बाजूला ठोकलेला असतो, इंजिन नंबर क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या खोक्याच्या) वरच्या अंगाला, सिलेंडरच्या मागे. तिथे कायम ग्रीस आणि मातीचा थर बसलेला असतो. खरवडू नका. रॉकेल किंवा डिझेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून हळूहळू धुवा, फडक्याने कोरडं करा. टॉर्च समोरून नको, बाजूने अगदी आडवा धरा. सावली पडली की अंक उठून दिसतात. कारखान्यात ठोकलेल्या अंकांचा आकार एकसारखा असतो. एखादा ३ किंवा ८ बाकीच्यांपेक्षा जाड, वाकडा किंवा जास्त खोल दिसला तर थांबा. आता नंबराभोवतीची धातूची जागा बघा. ओतकामाचा किंवा मशीनचा मूळ पोत तिथे सगळीकडे सारखाच हवा. नंबराखाली तेवढीच जागा गुळगुळीत असेल, किंवा ग्राइंडरचे गोल ओरखडे दिसत असतील, तर जुना नंबर घासून काढलाय. मग ती गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. चोरीची निघाली तर पोलिसांना उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आरटीओतले एजंट घेतात तसा पेन्सिलचा छाप घ्या. पातळ कागद नंबरावर ताणून धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची. डोळ्याला न दिसलेला खाडाखोडीचा डाग कागदावर येतो. दोन छाप घ्या, एक बुकाशी ताडायला, एक जपून ठेवायला.

नंबर एवढे का बघायचे, हे अमेरिकेतल्या मसल कारच्या, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जुन्या वेगवान गाड्यांच्या, बाजारात नीट कळतं. १९६४ आणि १९६५ ची पॉन्टियाक जीटीओ ही वेगळी गाडी नव्हतीच. पॉन्टियाकच्याच लमाँ गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायचा तो एक संच होता. गाडीच्या नंबरात जीटीओचा पत्ताच नाही, त्यामुळे साध्या लमाँला नावाच्या पट्ट्या आणि मोठं इंजिन बसवलं की झाली जीटीओ. त्या दोन वर्षांच्या गाडीला कारखान्याच्या नोंदीचा कागद लागतो. १९६६ ते १९७१ च्या जीटीओचा नंबर २४२ ने सुरू होतो, तिथे हा घोळ नाही. प्लिमथ कंपनीचं उलट. १९७० च्या बाराकुडाच्या नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं, आर असेल तर ४२६ हेमी, म्हणजे तिचं सगळ्यात ताकदवान इंजिन. १९७१ मध्ये हेमी इंजिनाच्या उघड्या टपाच्या कुडा (बाराकुडाचंच जोरकस रूप) फक्त ११ बनल्या, त्यातली एक २०१४ च्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. असा पैसा असला की नकली माल निघणारच. आपल्या ३५० ला ते भाव नाहीत, पण एलटीला एचटी म्हणून खपवण्यापुरता पैसा इथेही आहे.

म्हणून एचटी-एलटीच्या बाबतीत तोंडी शब्दावर जाऊ नका. बुकातलं साल १९८७ आणि विकणारा एचटी म्हणतोय, तर इंजिन तरी दुसऱ्या गाडीचं आहे किंवा बोलणं तरी खोटं आहे. साल जुळत असेल तर सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टमध्ये, म्हणजे सिलेंडरच्या धूर बाहेर पडायच्या भोकात, बोट फिरवा. ताकद वाढवायला पोर्ट कोरून घ्यायची तेव्हा टूमच होती. कोरलेल्या पोर्टच्या कडेला कानशीचे ओरखडे बोटाला लागतात, न छेडलेल्याला ओतकामाचा खरखरीतपणा सगळीकडे सारखा असतो.

हेड (सिलेंडरचं वरचं झाकण) उघडायची परवानगी मिळाली तर बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, मोजा. कारखान्यातून आलेला बोअर ६४ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५४. पुढचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात: ६४.२५, ६४.५० असे. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा दोन दिशांनी मोजा. ६४ च्या आसपासच असेल तर इंजिन फारसं चाललेलं नाही, आणि मीटरवरचे किलोमीटर खरे असण्याची शक्यता वाढते. ६५ ला पोचला असेल तर पुढे स्लीव्ह (आतून बसवायची नवी नळी) घालावी लागेल, किंमत तशी धरा. दोन्ही सिलेंडरांचा बोअर वेगळा निघाला तर एक सिलेंडर बदललेला असू शकतो, किंवा एकटाच कधी जाम झालेला. एकाला बोअर करून दुसऱ्याला हात न लावणं हे चुकीचं काम आहे, पण सर्रास होतं.

ऑइल पंप आहे का पाहा. या गाडीला ऑइलची वेगळी टाकी आणि उजव्या बाजूच्या कव्हरमध्ये पंप असतो, एक्सिलेटरसोबत त्याची केबल ओढली जाते. खेड्यात पंप काढून तिथे पट्टी ठोकून लिटरमागे ४० मिलि ऑइल पेट्रोलमध्येच टाकायची पद्धत पडली. चालतं ते, पण पंपासकट गाडी मिळाली तर तिची किंमत वेगळी, कारण चांगला पंप आता शोधून सापडत नाही.

वर्षानुवर्षं उभी गाडी जागेवर किक मारून चालू करून दाखवतो म्हणाला तर हात जोडून थांबवा. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रबर भाजून निघतं. क्रँकचे ऑइल सील कडक होतात. उजवा सील गेला तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि त्या बाजूच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. डावा गेला तर धूर दिसत नाही, पण हवा आत शिरून पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन भाजतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण कळतं तेव्हा पिस्टन धरलेला असतो. प्लग काढून थोडं ऑइल सोडा, दुसऱ्या दिवशी हाताने किक दाबून इंजिन फिरतंय का बघा. फिरलं तरी सील बदलल्याशिवाय चालू करू नका.

गाडी घरी आली की लोक पहिलं काम करतात ते रंगाचं. कळकळीने सांगतो, ते करू नका. मूळ रंग एकदा गेला की गाडी खरी असल्याचा अर्धा पुरावा गेला. टाकीच्या बुडाशी, सीटखाली, साइड पॅनलच्या आतून आणि हेडलाइटच्या वाटीत तो बहुतेक वेळा शाबूत असतो. तिथे आणि बाहेर रंग एकच असेल तर गाडी अस्पर्शित आहे. साबणाच्या पाण्याने धुवा, क्रोमवरचा बारीक गंज अॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून हलकं चोळून निघतो. इंजिनावर वाळूचा मारा करू देऊ नका, अॅल्युमिनियमचा मूळ पोत आणि नंबराची कड दोन्ही जातात. कव्हरचे मूळ जपानी स्क्रू असतील तर साध्या चार-धारी पेचकसाने त्यांची डोकी फिरतात. जपानी मापाचा पेचकस मागवा. बदललेला प्रत्येक जुना भाग, तुटका असला तरी, नाव लिहून खोक्यात ठेवा.

पावसाळ्यात उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतलं पाणी धरतं, टाकी आतून गंजते आणि जुने पाइप फुगतात. पाइप इथेनॉल सोसणारे घ्या. टाकीत आतून ऑइल फिरवा, सायलेन्सरची तोंडं चिंधीने बंद करा, वायरिंगला उंदीर लागू नये म्हणून गाडी कापूस किंवा धान्याच्या खोलीत ठेवू नका. वर प्लास्टिक टाकायचं नाही, आत घाम धरतो. सुती चादर बरी.

नोंदणीचं नूतनीकरण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं, त्यासोबत पर्यावरण कर. मुदत संपलेली असेल तर दंडाचा हिशोब आरटीओतून आधी काढून घ्या आणि तो सौद्यात धरा. काही जण सांगतात की विंटेजमध्ये नोंदवून टाका. २०२१ च्या केंद्राच्या नियमाने व्हीए मालिकेचा नंबर मिळतो खरा, पण त्याला गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ स्वरूपातली लागते. १९८३ ची ३५० त्यात २०३३ च्या आधी बसत नाही. तोवर साधी नोंदणी जिवंत ठेवा, आणि पेन्सिलचा छाप, बोअरची मापं, जुन्या रंगाचे फोटो आणि कोणता भाग कधी बदलला त्याची वही एकाच फाइलीत ठेवा. मूळ स्वरूप दाखवायची वेळ येईल तेव्हा आरटीओच्या टेबलावर तीच फाइल ठेवता येईल.