फुटबॉलमध्ये या चुका टाळा: बॉल येण्याआधीच काय बिघडतं?

गोल झाला की सगळे गोलकीपरकडे बघतात आणि संधी हुकली की फॉरवर्डकडे. खरी चूक बहुतेक वेळा त्याच्या दोन-तीन सेकंद आधीच होऊन गेलेली असते. कोणीतरी चुकीच्या जागी उभा असतो, तोंड भलतीकडे असतं, किंवा आजूबाजूला बघितलेलंच नसतं. आपल्या तालीम मंडळांच्या, शाळांच्या सरावात मात्र सगळ्यांना एकच शिकवलं जातं: मैदानाला फेऱ्या, कोनमधून ड्रिबलिंग आणि शेवटी रांग लावून गोलवर शॉट. स्टॉपरलाही (मधल्या बचावपटूलाही) तेच आणि विंगरलाही (कडेने पळणाऱ्या आक्रमकालाही) तेच. मग मॅचमध्ये स्टॉपर ड्रिबल करायला जातो आणि बॉल घालवतो, यात त्याचा दोष किती?

गोलकीपर: बाहेर खेळता येत नाही म्हणून गोलमध्ये

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर देशाला दिला. ते भारताचे कर्णधार झाले, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही आपल्याकडे जो मुलगा पळायला कमी पडतो, त्याच्या हातात ग्लोव्ह्ज दिले जातात.

1992 मध्ये बॅकपासचा नियम आला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला बॉल कीपरला हातात घेता येत नाही. 2019 पासून गोलकिक आपल्याच पेनल्टी बॉक्समध्ये उभ्या असलेल्या सहकाऱ्याला देता येते. म्हणजे कीपरला आता दोन्ही पायांनी पास देता यायला हवा. सरावात कीपरला कोपऱ्यात वेगळं उभं करून फक्त शॉट मारत बसू नका. पासिंगच्या रिंगणात त्यालाही घ्या, आणि तिथे हात वापरू देऊ नका.

बॉल हातातून निसटत असेल तर हातांकडे बघा. छातीच्या वरच्या बॉलला दोन्ही अंगठे आणि तर्जन्या एकमेकांजवळ हव्यात, पंजे बॉलच्या मागे. अंगठ्यांमध्ये वीतभर अंतर राहिलं तर जोरदार शॉट मधूनच आत जातो. कमरेखालच्या बॉलला उलट: करंगळ्या जवळ आणि बोटं जमिनीकडे. जमिनीवरून येणाऱ्या बॉलला पाय फाकवून नुसतं वाकू नका, एक गुडघा खाली आणून मागे भिंत तयार करा. हात चुकले तरी बॉल अंगावर अडतो.

उभं राहण्याची जागा हा दुसरा घोटाळा. गोल 7.32 मीटर रुंद असतो. रेषेवर चिकटून राहिलात तर शॉट मारणाऱ्याला दोन्ही कोपरे मोकळे दिसतात. बॉलपासून गोलच्या मध्यापर्यंत मनात एक रेघ ओढा, त्या रेघेवर राहा आणि बॉल जवळ येईल तसे दोन-तीन पावलं पुढे सरका. शॉट सुटताना मात्र पाय स्थिर हवेत. पळता पळता झेप घेता येत नाही.

आणखी एक: 2025 पासून कीपरने बॉल हातात 8 सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. वेळ काढायची सवय असेल तर आताच मोडा.

फुल बॅक: झेप घेऊन टॅकल

विंगर अंगावर आला की फुल बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, पुढे झेपावतो, विंगर बॉल बाजूने काढतो आणि मागे मैदान मोकळं. प्रेक्षकांना स्लायडिंग टॅकल आवडतो, म्हणून पोरांनाही तो आवडतो. पण जमिनीवर पडलेला बचावपटू पुढचे काही सेकंद संघाच्या उपयोगाचा नसतो.

कारण पायात असतं. तो विंगरसमोर चौरस उभा असतो, दोन्ही पाय एका रेषेत. तसं उभं राहिलं की कुठल्याही बाजूला वळायला एक पाऊल जास्त लागतं. एक पाय पुढे ठेवा, अंग तिरकं करा, गुडघे वाकवा, हातभर अंतर राखून मागे मागे सरका आणि विंगरला साइडलाइनकडे जायला भाग पाडा. त्याच्या पायापासून बॉल जरा लांब गेला की तेवढ्यात घ्या. सराव सोपा आहे: एकास एक खेळा आणि बचावपटूचे हात मागे बांधायला लावा. हाताने खेचता येत नाही म्हटल्यावर पाय आपोआप हलायला लागतात.

विरुद्ध बाजूने क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला बॉल) येत असताना फुल बॅक बॉलकडे टक लावून बघतो आणि पाठीमागून माणूस येऊन हेड मारतो. उपाय एकच: दोन पावलं मागे या आणि अंग इतकं उघडा की बॉल आणि माणूस दोन्ही एका नजरेत दिसतील.

स्टॉपर: उंची बघून निवड

2006 मध्ये जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओर मिळवणारा इटलीचा स्टॉपर फाबियो कॅनाव्हारो 1.76 मीटर उंचीचा होता. स्टॉपरला उंची असली तर चांगलंच, पण आधी अंदाज हवा आणि तोंडात आवाज हवा. गप्प स्टॉपर ही खरी अडचण आहे. संपूर्ण मैदान समोर दिसतं असा कीपरनंतर तोच एक. तो बोलला नाही तर मागची फळी एकत्र सरकत नाही. तिघे पुढे आले आणि चौथा मागे राहिला की ऑफसाइडमध्ये (पास सुटताना बचावफळीच्या पलीकडे) अडकणारा फॉरवर्ड त्या एकामुळे ऑनसाइड होतो. "वर!", "मागे माणूस!", "सोड!" असे तीन-चार शब्द ठरवून घ्या आणि सरावात ते ओरडून वापरा.

हेड मारताना बॉल मधल्या भागात टाकणं हीही नेहमीची चूक. उंच, लांब आणि बाजूला. लहान मुलांना मात्र हेडचा मारा नको. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने 2015 मध्येच 10 वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी हेडिंग बंद करायचं ठरवलं. आपणही त्या वयात पायावर भर द्यावा.

मिडफिल्ड: पाठ फिरवून बॉल घेणं

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यायला हवी, आणि सगळ्यात कमी इथेच घेतली जाते. मिडफिल्डरला बॉल मिळतो तेव्हा त्याचं तोंड आपल्याच गोलकडे असतं. ट्रॅप होतो, म्हणजे बॉल पायाशी थांबतो, मग तो मान वर करतो, तोवर मागून माणूस आलेला असतो. घाबरून बॉल परत मागे जातो, नाहीतर कुठेही उंच मारला जातो. बाहेरून वाटतं की याचा ट्रॅप कच्चा आहे. ट्रॅप ठीकच असतो, बघणं उशिरा झालेलं असतं.

जर्मनीचा फिलिप लाम कारकिर्दीचा मोठा भाग फुल बॅक होता. 2013 मध्ये पेप ग्वार्डिओला लामच्या बायर्न म्युनिक क्लबला प्रशिक्षक म्हणून आल्यावर त्याने लामला मिडफिल्डमध्ये खेळवलं. लाम लहान चणीचा, पण बॉल यायच्या आधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे त्याला ठाऊक असायचं, म्हणून जागा बदलूनही निभावलं.

हे शिकवता येतं. खेळाडूच्या मागे दहा पावलांवर एकाला उभं करा. पुढून पास सुटला की मागच्याने हाताची काही बोटं वर करायची. बॉल पायाला लागायच्या आत खेळाडूने खांद्यावरून बघून आकडा ओरडायचा. सुरुवातीला ट्रॅप बिघडतील, बिघडू द्या. नंतर त्यात भर घाला: अंग अर्धं वळवून उभं राहायचं आणि बॉल लांबच्या पायावर घ्यायचा. डावीकडून पास आला तर उजव्या पायावर. तेवढ्यानेच तोंड समोरच्या गोलकडे होतं.

विंगर

इथे थोडक्यात. मान खाली घालून पळू नका. क्रॉस देण्याआधी एकदा तरी पेनल्टी बॉक्समध्ये बघा, आणि बॉल गेला की फुल बॅकच्या मदतीला परत या. वेग सगळ्यांना दिसतो, म्हणून निवड त्यावरच होते. परत येण्याची तयारी निवड चाचणीत कोणी तपासत नाही. तपासायला हवी.

फॉरवर्ड: जागेवर उभं राहून वाट बघणं

स्टॉपरच्या शेजारी उभं राहून "दे, दे" म्हणणारा फॉरवर्ड स्टॉपरचं काम सोपं करतो. सुनील छेत्रीची उंची फक्त 1.70 मीटर, तरी त्याने हेडने भरपूर गोल केले, कारण तो क्रॉसची वाट बघत थांबत नाही. आधी स्टॉपरपासून दूर सरकतो, नजरेआड होतो आणि शेवटच्या क्षणी पुढे घुसतो.

सारखं ऑफसाइड होत असेल तर सरळ पळणं बंद करा. आधी बचावफळीला समांतर आडवं धावा आणि पास सुटताना वळा, म्हणजे वेगही राहतो आणि रेषाही सांभाळली जाते. आणि कीपर एकटा समोर असताना जोर लावून मारणं सोडा; पायाच्या आतल्या बाजूने लांबच्या कोपऱ्यात सरकवा. कीपरने अडवला तरी बॉल बहुधा समोरच पडतो आणि मागून येणाऱ्याला दुसरी संधी मिळते.

चूक सापडतच नसेल तर

मॅचचा व्हिडिओ मोबाइलवर काढताना सगळे कॅमेरा बॉलमागे फिरवतात. त्यात वरचं काहीच दिसत नाही. दहा मिनिटं कॅमेरा एकाच खेळाडूवर ठेवा, बॉल कुठेही असो. मग त्या मुलाला शेजारी बसवून दाखवा आणि बॉल येण्याच्या आधीच्या क्षणी व्हिडिओ थांबवून विचारा, "आत्ता तुला काय दिसत होतं?" उत्तर त्यालाच देऊ द्या. बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर दर आठवड्याला जागा बदलून हे करा, कारण कोण स्टॉपर आणि कोण विंगर हे त्या वयात पक्कं करायची घाई नको.