पारावर हवामानबदलाचा वाद निघाला, तर छागल जवळ ठेवा

मे महिन्यात आमच्या गावात दुपारी कुणी वाद घालत नाही, तेवढी ताकदच नसते. वाद रंगतात संध्याकाळी सातनंतर, पारावर पाणी शिंपडून झालं की. मी एका कृषी केंद्राच्या वेधशाळेत अकरा वर्षं तापमानाच्या नोंदी घेतल्या, म्हणून हा विषय निघाला की सगळे माझ्याकडे पाहतात. समोर असतात काकाजी, वय ऐंशीच्या पुढं. त्यांचं एकच वाक्य असतं, "हे तपन काही नवीन हाय का? आमच्या वेळी बी पाखरं मरून पडत जी!" या वाक्यापुढं मी बऱ्याचदा हरलो आहे. हरता हरता जे कळलं ते सांगतो.

पहिल्यांदा काकाजींना हो म्हणा, कारण ते खरं बोलतात. विदर्भ आधीपासूनच तापतो. एका दिवसाच्या 46 अंशांनी हवामानबदल सिद्ध होत नाही आणि जानेवारीत दोन दिवस हुडहुडी भरली म्हणून तो खोटाही ठरत नाही. आपल्या बाजूची खोट समोरच्यानं काढायच्या आत आपणच काढावी. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि फोनाफोनी झाली. नंतर हवामान खात्यानंच सांगितलं की यंत्राचा सेन्सर बिघडला होता. हे तुम्ही आधी सांगितलं तर पुढचं ऐकून घेतात. लपवलं तर काकाजींचा नातू मोबाइलवर काढून दाखवतो, मग बसा.

त्यानंतर गाडी सरासरीवर आणा. 1901 ते 2018 या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे 0.7 अंशानं वाढलं. साऱ्या पृथ्वीचं पाहिलं तर 1850 ते 1900 च्या तुलनेत 2011 ते 2020 हे दशक सुमारे 1.1 अंशानं गरम होतं. लगेच कुणीतरी म्हणतो, "एका अंशानं का होते बे?" मी त्याला कापसात उत्तर देतो. तुझ्या वावरात एकरी एक क्विंटल कमी आला तर तू नशिबाला बोल लावशील. पण साऱ्या तालुक्याची सरासरी एकरी एका क्विंटलनं उतरली तर? तेव्हा जिनिंगवाल्याच्या तोंडचं पाणी पळते. सरासरी सहजासहजी हलत नाही, म्हणून ती हलली की दखल घ्यायची.

आता खरा हल्ला येतो. "तुमचे आकडेच खोटे." इथं चिडू नका. आकडा कसा तयार होतो ते सांगा, तेही हातानं दाखवून. पांढरी लाकडी पेटी, चारही बाजूंनी झडपा, जमिनीपासून साधारण चार फूट उंच, दार उत्तरेला, म्हणजे दार उघडलं तरी ऊन थर्मामीटरवर पडत नाही. टिनाखाली टांगलेला किंवा मोटरसायकलवर दिसणारा आकडा हवेचा नसतो, तो टिनाचा आणि गाडीचा असतो. कमाल तापमानाच्या थर्मामीटरमध्ये पारा चढतो पण आपसूक उतरत नाही, तापाच्या थर्मामीटरसारखा झटकून उतरवावा लागतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी पोळ्याच्या गडबडीत मी तो झटकायला विसरलो. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून पाऊस, हवा गार, आणि माझ्या वहीत आदल्या दिवशीचंच ऊन. आठवड्याभरात वरून कागद आला, त्या आकड्याभोवती लाल गोल. आजूबाजूच्या केंद्रांशी माझा आकडा जुळत नव्हता. शरम वाटली, पण तेव्हापासून "आकडे दुरुस्त करतात" हे ऐकलं की मला फसवणूक आठवत नाही, तो लाल गोल आठवतो.

शहरं वाढली, सिमेंट तापलं, म्हणून आकडे चढले, हा पुढचा मुद्दा. शहर तापतं हे खरंच. पण अमेरिकेतल्या रिचर्ड म्युलर या भौतिकशास्त्रज्ञाला हीच शंका होती. त्यांनी 2010 च्या सुमारास 'बर्कले अर्थ' नावानं गट बांधून जमिनीवरच्या नोंदी नव्यानं तपासल्या. निघालं तेच: जमीन तापते आहे, आणि शहरांमुळे त्या निष्कर्षात फरक पडत नाही. हे पटलं नाही तर समुद्रावर चला. समुद्रात कोणता सिमेंट रोड आहे?

समुद्रासाठी मी छागल आणतो. नव्या पोरांना छागल दाखवावी लागते: कॅनव्हासची पाण्याची पिशवी, पूर्वी बैलगाडीच्या दांडीला लटकायची. गेल्या वर्षी विहिरीचं पाणी एका स्टीलच्या गुंडात आणि एका छागलीत भरलं, दोन्ही पाराच्या लिंबाला अडकवले आणि तासाभरानं दोन्हींत थर्मामीटर घातला. छागलीचं पाणी चांगलं पाच अंशांनी गार होतं. कापड पाझरतं, पाणी वाऱ्यावर उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं. हे काकाजींना मी काय शिकवणार, त्यांचा जन्म त्यावर गेला.

मग सांगितलं की जुन्या काळी जहाजावरचे लोक समुद्राचं तापमान असंच मोजायचे. बादली खाली सोडायची, पाणी वर ओढायचं, त्यात थर्मामीटर. पुष्कळ बादल्या कॅनव्हासच्या. डेकवर येईस्तोवर पाणी गार व्हायचं, आकडा खऱ्यापेक्षा कमी यायचा. पुढं इंजिनासाठी आत घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजू लागले, ते थोडं जास्त यायचं. दोन्ही नोंदी जशाच्या तशा जोडल्या तर समुद्र आहे त्याहून जास्त तापल्यासारखा दिसतो. म्हणून शास्त्रज्ञांनी जुने आकडे वर उचलले. इथं जरा थांबा, समोरच्याला हिशेब करू द्या. जुना आकडा वर गेला की वाढ कमी दिसते. जमीन आणि समुद्र मिळून पाहिलं तर दुरुस्तीनंतर शतकभरातली एकूण वाढ कमी भरते. काकाजी बराच वेळ छागलीकडे पाहत होते. "म्हणजे आपल्याच बाजूचं वजन काढलं त्यायनं?" हो, काकाजी.

आता बादली नाही. 1999 च्या अखेरीपासून 'आर्गो' नावाचे तरंगक समुद्रात सोडलेत, आज जवळपास चार हजार आहेत. हजार मीटर खोल जाऊन वाहत राहतात, मग दोन हजार मीटरपर्यंत उतरतात आणि वर येता येता तापमान व खारटपणा मोजून उपग्रहाला कळवतात. दर दहा दिवसांनी एक फेरी. भारताच्या तरंगकांचं काम हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था पाहते. पृथ्वीवर साचणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रात जाते, म्हणून हवेपेक्षा समुद्राची वही जास्त बोलते.

दोन मुद्दे झटपट उरकायचे. "1998 नंतर वाढ थांबली" म्हणणाऱ्याला विचारा, 1998 पासूनच का? ते जबर एल निनोनंतरचं तापलेलं वर्ष. (एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून जास्त तापतं ते.) कापसाला दहा हजारांच्या वर भाव मिळाला त्या 2022 पासून मोजलं तर कापूस कायम पडतानाच दिसणार. आणि "सूर्यच जास्त तापला" म्हणणाऱ्याला गोधडीची आठवण द्या. सूर्यामुळे असतं तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो तर थंड होतोय. गोधडीच्या आत ऊब, बाहेर गारवा, तसं.

शिव्या सुरू झाल्या किंवा राजकारण निघालं की उठा. त्या रात्री पटलेलं कुणी कबूल करत नसतो, कबुली मागूही नका. छागलीच्या दुसऱ्या दिवशी काकाजी सकाळीच दारात आले. पटलं-बिटलं काही म्हणाले नाहीत. "तो थर्मामीटर दे जरा. माह्या विहिरीत सोडून पायतो. आन् एक कोरी वही बी दे."